सात पाण्यांची वाळू

ओमियाच्या बोन्साय वस्तीत कुणाचं झाड मलूल झालं की ते उचलून लोक इनागाकींच्या बागेत मागच्या दाराने शिरत. पुढून गेलं तर मालक भेटायचे, आणि मालक फांद्या बघायचे. मागच्या दारापाशी मातीची पडवी होती. तिथे तोकुजिरो बसलेला असे. तो फांद्यांकडे ढुंकूनही बघत नसे. कुंडी हातात घेऊन वजन अजमावायचा, वरून ओगराळंभर पाणी ओतायचा आणि कान खाली नेऊन बुडाच्या भोकातून पाणी कसं गळतंय ते ऐकायचा.

"काय म्हणतंय?" समोरचा काळजीने विचारी.

"पाणी गळायला अकरा श्वास लागले. पाइनला तीन पुरतात. आत नुसता गाळ झालाय." मग तो त्या माणसाच्या पायांकडे बघायचा. "स्वतः नवे जोडे घातलेत. झाडाला मात्र पाच वर्षं तेच ओले मोजे. शोभतं का?"

लोक खाली मान घालून ऐकून घेत. कारण तो जी माती कालवून देई, तिच्यात झाड दोन महिन्यांत डोळे उघडायचं.

तोकुजिरो कुडाच्या भिंती लिंपणाऱ्याचा मुलगा. बापाबरोबर लहानपणापासून चिखल तुडवलेला. कुठल्या मातीला भेग पडते, कुठली भिंतीला धरून राहते, हे त्याच्या पायांना कळायचं. चौदाव्या वर्षी तो तोक्योत सेन्दागीला इनागाकींच्या बागेत पाणी घालायला लागला आणि हळूहळू मातीकडे सरकला. एकोणीसशे तेवीस सालच्या मोठ्या भूकंपाने आणि आगीने शहर भुईसपाट झालं, तेव्हा मालकांनी त्याला बोलावून घेतलं.

"इथे आता झाडं जगायची नाहीत. धूर, धूळ, पाणी घाण. बाकीचे बागवाले उत्तरेकडे जायचं म्हणतायत. तू पुढे जा. कुठली माती चांगली ते बघ."

बारा दिवस तो फावडं खांद्यावर टाकून हिंडला. जिथे पटेल तिथे कमरेइतका खड्डा काढायचा, माती मुठीत दाबायचा, बोटांनी फोडायचा, जिभेला लावायचा. ओमियाच्या माळावर गुडघाभर काळ्या मातीखाली त्याला तांबडी माती लागली. वाळली की तिचे दाणे व्हायचे. भिजवली तरी दाणे मोडत नसत, पाणी पोटात धरून ठेवत आणि जास्तीचं सोडून देत. ती त्याने रुमालात बांधून आणली आणि मालकांपुढे ठेवली.

"हीच?"

"हीच."

एवढ्यावर बाग हलली. सामानाच्या गाडीवर तोकुजिरोची बायको शिनो बसली होती आणि तिच्या पाठीला दीड वर्षाचा नोबुओ बांधलेला होता.

शिनो तोफू करणाऱ्याच्या घरातली. बर्फगार पाण्यात हात घालायची सवय तिला माहेरचीच. ओमियाला आल्यावर नवरा खणी आणि ती चाळी. थंडीत उत्तरेचा कोरडा वारा सुटला की माती काढायची, चटयांवर वाळवायची आणि तीन चाळण्यांतून घालायची. मोठे दाणे कुंडीच्या बुडाला, मधले मुळांभोवती, बारीक वर. तिसऱ्या चाळणीखाली पडेल ती भुकटी फेकून द्यायची. ह्या भुकटीवर तोकुजिरोचा भारी राग. "हीच झाडाची वैरीण," म्हणायचा. "पाण्याबरोबर खाली जाऊन भोकं बुजवते. मुळं श्वास कुठून घेणार?"

पाइनच्या मातीत वाळू लागते. त्यासाठी वर्षातून दोनदा तो आणि शिनो आराकावा नदीवर जात, कुमागायाच्याही वर, जिथे चिचिबूच्या डोंगरातून वाहत आलेली वाळू अजून टोकदार असते. तिच्यात हिरवट, चपट्या दगडाच्या कपच्या असत, उन्हात चमकणाऱ्या. शिनो ती नदीतच एकदा धुई आणि घरी आणून पुन्हा चाळी. समुद्राच्या वाळूला तोकुजिरो हात लावत नसे. गोल गुळगुळीत दाणे, आणि वर मीठ. "समुद्राची वाळू म्हणजे विष," हे त्याने वस्तीतल्या सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की छाटणीवाला गेन्पाची त्याची नक्कल करायचा.

गेन्पाचीची जीभ त्याच्या कात्रीइतकीच चालायची. "वहिनी," तो पडवीत डोकावून म्हणे, "एकदा ह्यालाही चाळून काढा. खडे फार आहेत."

"लग्नाच्या वर्षीच चाळला," शिनो मान वर न करता म्हणायची. "वर काहीच उरलं नाही."

तोकुजिरो दोघांकडे लक्ष न देता माती चोळत बसायचा. पण त्याचे कान हसत असत, असं गेन्पाची म्हणे.

ही त्यांची बरी वर्षं. माती ओळखण्याची त्याची ख्याती आसपास पसरली होती. लोक गंमत म्हणून पुरचुंडी बांधून आणत, आणि तो चिमूटभर हातात घेऊन सांगे, ही कावागोएची, ही इवात्सुकीच्या भातखाचरातली, ही तर तुमच्याच अंगणातली, मला कशाला फसवता.

नोबुओला मातीत फारसा रस नव्हता. त्याला आगगाड्या आवडत. ओमियात रेल्वेचा कारखाना होता, तिथे तो सोळाव्या वर्षी लागला. संध्याकाळी बापलेक विहिरीवर एकदमच हात धुवायला येत.

"बाबा, तुमचं लाल निदान निघतं तरी," नोबुओ म्हणायचा. "माझं काळं आता कातडीच झालंय."

"मग ये मातीत."

"नको बुवा. तुम्ही मला पण जिभेला लावून बघाल."

मात्र एक झाड त्याचं होतं. आठ वर्षांचा असताना त्याने काळ्या पाइनचं बी एका फुटक्या भाताच्या वाडग्यात पेरलं होतं. माती कुठली घालू म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तोकुजिरो म्हणाला, तुझं तू ठरव. मुलाने पडवीत फिरून सहा भाग वाळू आणि चार भाग तांबडी माती घेतली. बापाने बघितलं आणि तशीच राहू दिली, कारण त्यानेही तेवढीच घेतली असती. झाड रुजलं. मालकांच्या दृष्टीने त्यात काही दम नव्हता. खोड सरळसोट, फांद्या दोनच बाजूंना. "रेल्वेच्या सिग्नलसारखं दिसतंय," मालक म्हणत. नोबुओला ते फारच आवडलं. तेव्हापासून घरात त्या झाडाचं नाव सिग्नल पडलं.

चव्वेचाळीस सालच्या वसंतात त्याला सैन्याचं बोलावणं आलं. ओमियाच्या स्टेशनवर गर्दी होती, झेंडे होते, आरोळ्या होत्या. नोबुओ खिडकीतून बाहेर वाकला आणि म्हणाला, "आई, गाडी अर्धा तास तरी सुटत नाही, पुढे इंजिन बदलतायत. तुम्ही उगाच उभे राहू नका, जा घरी." ते गेले नाहीत. गाडी खरंच अर्ध्या तासाने सुटली.

तोवर बोन्साय म्हणजे चैन, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं होतं. देश लढतोय आणि तुम्ही कुंड्यांना पाणी घालता? इनागाकींनी निम्मी बाग मोडून रताळी लावली. तोकुजिरो ज्या जागेतून माती काढी तिथेच रताळ्यांचे वाफे केले. पाणी घालायला माणसं नव्हती. शंभर शंभर वर्षांची झाडं एकेका उन्हाळ्यात वाळली आणि चुलीत गेली. तोकुजिरोला त्याचं वाईट वाटायचं, पण त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही. ज्याचा मुलगा लढाईवर गेलाय त्याने झाडांसाठी हळहळायचं नसतं, असं त्याला वाटे. शिनोने सिग्नल पडवीच्या मागे, भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवला होता. तांदूळ धुतलेलं पाणी ती त्याला घाली. पुढे तांदूळ राहिला नाही, तेव्हा साधं पाणी.

नोबुओची दोन पत्रं आली. दोन्हींत मजकूर सारखाच होता, प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. कुठून लिहितोय ते नव्हतं.

लढाई संपली. वर्षभर काही कळलं नाही. मग सेहेचाळीसच्या हेमंतात कचेरीतून कागद आला. नोबुओ चव्वेचाळीस सालच्या जुलैत मध्य प्रशांत भागात मरण पावला. गाव नाही, बेट नाही, तारखेपुढेही 'सुमारे' लिहिलेलं.

शिनोने शेजारच्या शाळामास्तरांकडून नकाशा मागून आणला. मास्तरांनी बोटाने दाखवलं, मध्य प्रशांत म्हणजे हे. ती निळ्या रंगाकडे बघत राहिली. नुसतं पाणी होतं, वर माश्या बसाव्यात तसे चार-दोन ठिपके.

"ह्यातलं कुठलं?" तिने विचारलं.

"ते सांगता येत नाही हो, वहिनी."

"म्हणजे पाण्यातही गेला असेल?"

मास्तरांनी नकाशाची घडी घातली. त्यानंतर हा प्रश्न तिने धरून ठेवला. जेवताना, चाळताना, मध्येच हात थांबवून ती विचारी, "अहो, जमिनीवर गेला असेल ना? पायाखाली जमीन तरी असेल ना त्याच्या?" तोकुजिरो म्हणायचा, असेल. त्याला तरी काय ठाऊक?

सत्तेचाळीसच्या एप्रिलात पेटी आली. गावातल्या देवळात नऊ घरांची माणसं रांगेत बसली होती. एकेकाचं नाव पुकारलं की पुढे व्हायचं, पांढऱ्या कापडात बांधलेली लहानशी लाकडी पेटी घ्यायची आणि कापड गळ्यात अडकवून छातीशी धरायची. पेटी देणारा कारकून तरुण होता. प्रत्येकाला तो कमरेत पार वाकून नमस्कार करत होता आणि कुणाच्याही डोळ्यांत बघत नव्हता. तोकुजिरोने पेटी घेतली आणि त्याच्या हातांनी आपसूक वजन अजमावलं. हाडं एवढी जड नसतात. आत काहीतरी सुटं होतं, चालताना सरकत होतं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. घरापर्यंतच्या वाटेत त्याने तो ओळखायचं टाळलं.

घरी आल्यावर शिनोने पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली. मग म्हणाली, "उघडा."

"उघडू नये म्हणतात."

"माझा मुलगा आहे. उघडा."

दुपारची वेळ होती. दार सताड उघडं होतं, बागेतून गेन्पाचीच्या कात्रीचा आवाज येत होता. तोकुजिरोने गाठ सोडली, झाकण काढलं. आत लाकडाच्या पातळ फळीवर नोबुओचं नाव लिहिलेलं होतं आणि त्याखाली तीन-चार मुठी वाळू होती. बाकी काही नाही.

पहिल्या नजरेतच त्याला कळलं. हिरवट, चपट्या कपच्या. टोकदार दाणे. तरी त्याने बोट बुडवलं, चिमूट घेतली, अंगठ्याखाली चोळली. शेवटी जिभेला लावली. मीठ नव्हतं. डोंगरातून वाहत आलेल्या गोड्या पाण्याची वाळू. कुमागायाच्या वरची, पुलाच्या अलीकडच्या वळणावरची असावी. तिथेच एवढ्या जाड कपच्या मिळतात. कुणीतरी, कदाचित त्या वाकणाऱ्या पोरानेच, नदीवर जाऊन बादली भरली होती आणि पेट्यांची रांग मांडून ओंजळीओंजळीने वाटली होती.

शिनो त्याच्या तोंडाकडे बघत होती. "तुम्ही माती बघून गाव सांगता," ती म्हणाली. "सांगा ना. कुठली आहे?"

त्याने चिमूट पुन्हा पेटीत सोडली.

"खारट आहे का?" तिने विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "समुद्रकाठची आहे. बेटावरची."

शिनोने डोळे मिटले. मग तिने पदर आवरावा तसा किमोनोचा काठ आवरला, पुढे झाली आणि दोन्ही हात पेटीत घातले. "म्हणजे जमीन होती," ती म्हणाली. "वाळू होती पायाखाली." आणि तिथेच बसून ती रडली. कागद आला त्या दिवसापासून ती रडली नव्हती. तोकुजिरो बाहेर पडवीत आला आणि उगाचच एक चाळणी घेऊन रिकामी हलवत बसला.

त्याला वाटलं होतं, झालं, संपलं. पेटी देवळामागच्या घराण्याच्या थडग्यात ठेवायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिनो म्हणाली, "सगळी नको ठेवायला. अर्धी सिग्नलच्या कुंडीत घालू या. ह्या वर्षी तरी माती बदलायचीच आहे त्याची."

तोकुजिरो पेचात पडला. समुद्राची वाळू कुंडीत घालायची नाही, हे तोच सांगत आला होता. घातली तर झाड मरणार. आणि त्याने गप्प बसून घालू दिली आणि झाड मेलं नाही, तर ती वाळू कुठली, हे शिनोला कळायला कितीसा वेळ?

"मीठ आहे तिच्यात," तो म्हणाला. "झाड जगायचं नाही."

"धुवा मग. तुमच्या हाताने धुतली तर मीठ राहील का?"

"सात पाण्यांनी धुवावी लागेल."

"धुवा."

त्याने ती धुतली. विहिरीपाशी बसून, सगळ्या वस्तीदेखत, मुळात एक कणही मीठ नसलेली वाळू त्याने सात दिवस धुतली. रोज एक पाणी. सकाळी परात भरायची, संध्याकाळपर्यंत भिजू द्यायची, अलगद निथळायची. एकही दाणा वाहून जाऊ नये म्हणून खाली फडकं धरायचं. शिनो विहिरीच्या दुसऱ्या बाजूला बसून बघायची. गेन्पाची येऊन उभा राहिला. त्याने परातीत बघितलं. तोही वीस वर्षं ह्याच वाळूत झाडं लावत होता. तोकुजिरोने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. गेन्पाचीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्याने गिळलं.

"पाणी मी ओढतो," तो म्हणाला. "तू धू."

सातव्या दिवशी सिग्नल नव्या मातीत बसला.

त्या सप्टेंबरात मोठं वादळ आलं, आराकावाचा बांध फुटला, गावंच्या गावं पाण्याखाली गेली. थंडीत वाळू आणायला जायची वेळ झाली तेव्हा तोकुजिरो गेला, एकटाच. पुलाच्या अलीकडच्या वळणावर उभा राहिला. नदीने सगळा काठ उपसून पुन्हा मांडला होता. हिरव्या कपच्या उन्हात चमकत होत्या. त्याने फावडं वाळूत रोवलं आणि त्याला ते उचलवेना. कुठल्या ओंजळीची जागा ही, कुठली कोणाच्या मुलाची? नऊ पेट्या तर एका गावातल्याच. तो रिकामी पोती घेऊन परतला आणि मालकांना म्हणाला, पुरानंतर वाळू बिघडलीय, दुसरीकडून बघू. मालकांनी त्याचं ऐकलं. मातीच्या बाबतीत ते नेहमीच त्याचं ऐकत. पुढे बागेत तोने नावाच्या दुसऱ्या नदीची वाळू येऊ लागली, आणि लोक म्हणत की ही तितकी चांगली नाही. तो म्हणायचा, आता अशीच मिळते.

वर्षं गेली. लढाईनंतर बोन्सायला पुन्हा दिवस आले, परदेशी पाहुणे येऊन फोटो काढू लागले. तोकुजिरोच्या पडवीत पुन्हा आजारी झाडांची रांग लागली. तीन वर्षं, फार तर पाच, असं तो प्रत्येकाला बजावायचा. तांबड्या मातीचे दाणे हळूहळू विरघळतात, त्यांचीच भुकटी होते. वेळेवर माती बदलली नाही तर झाड स्वतःच्याच मातीत गुदमरतं.

सिग्नलची माती मात्र त्याने बदलली नाही. बदलायची म्हणजे मुळांभोवतीची जुनी माती काडीने उकरून टाकून द्यायची. दर वसंतात तो कुंडी पडवीत आणायचा, समोर ठेवायचा, आणि काही वेळाने पुन्हा भिंतीपाशी नेऊन ठेवायचा. पाच वर्षं झाली, सात झाली. पाणी वरच साचू लागलं. सुया आखूड झाल्या, पिवळटल्या. वस्तीतल्या कुणालाही ते दिसलं असतं. सगळ्यांना दिसतच होतं. मालक मागच्या दाराने येत-जात असत, ते त्या भिंतीकडे पाठ करून चालायला शिकले.

नवव्या वर्षी, छप्पन्न सालच्या मार्चमध्ये, त्याने कुंडी पुन्हा पडवीत आणली. शिनो समोर बसून चाळत होती. तिचे केस आता पांढरे झाले होते, बोटांची पेरं सुजली होती. त्याने कुंडीवर ओगराळंभर पाणी ओतलं. पाणी तसंच उभं राहिलं. दोघंही बघत होते. बराच वेळ झाला तरी खाली थेंब आला नाही.

"बदला आता," शिनो म्हणाली.

"बघू."

"काय बघू? मरतंय ते. दुसऱ्या कुणाचं असतं तर जोड्याने मारलं असतंत त्याला."

"त्यात त्याची..." तो थांबला.

शिनोने चाळणी खाली ठेवली. "आराकावाची वाळू आहे ती," ती शांतपणे म्हणाली. "टाकली म्हणून काय होतंय?"

तोकुजिरोने तिच्याकडे बघितलं. त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वीस वर्षं चाळलीय मी ती," शिनो म्हणाली. "कपच्यांनी बोटं कापून घेतलीत. मला कळणार नाही?"

"कधी कळलं?"

"हात घातला तेव्हाच."

"पण तू रडलीस."

"मग? रडू नको?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही चाटलीत तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. त्या तोंडाने तुम्ही म्हणालात, खारट आहे. मला वाटलं, ह्यांना हवंय तसं. समुद्रकाठी जमिनीवर गेला असं ह्यांना मानायचंय. असू दे."

"मला? मी तर तुझ्यासाठी..."

"हो. ते नंतर कळलं. विहिरीवर." तिने डोळे पुसले आणि त्यातच तिला हसू फुटलं. "सात दिवस धूत बसलात. मी समोर बसून बघतेय. आता मध्येच कसं म्हणू, अहो, उगाच धुताय म्हणून?"

तोकुजिरो हसला नाही. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस पडवीत सगळ्या कुंड्यांसमोर ओक्साबोक्शी रडला. नऊ वर्षं त्याने जे बायकोसाठी उचलून धरलं होतं ते बायकोने त्याच्यासाठी उचलून धरलं होतं, आणि मधल्या मध्ये मुलाचं झाड गुदमरत होतं. शिनो उठून आली नाही. ती जागेवरच बसून राहिली आणि त्याला रडू दिलं.

मग दोघांनी मिळून झाड बाहेर काढलं. मुळं कुंडीच्या आकाराची झाली होती, निम्मी काळी पडलेली. हाताला लागली की साल सुटून यायची, कुबट वास येत होता. तोकुजिरोने काडीने माती उकरली. गाळाचा लगदा निघाला, त्यात हिरव्या कपच्या तेवढ्या जशाच्या तशा होत्या. शिनोने त्या वेचल्या नाहीत. सगळा लगदा तिने सुपात भरला, पडवीमागे नेला आणि कांद्याच्या वाफ्यात टाकून आली.

"धुतलेली आहे," परत येऊन म्हणाली. "कांद्यांना काही होत नाही."

नवी माती तोकुजिरोने जीव ओतून कालवली. सहा भाग, चार भाग, भुकटीचा कण नाही. झाडाने एप्रिलात दोन कोंब काढले. गेन्पाची रोज येऊन बघायचा आणि म्हणायचा, आज बरं दिसतंय, वहिनी. मे महिन्यात कोंब लांबले. जुलैच्या उकाड्यात ते एकदम मावळले. आधी डावी फांदी लाल पडली, मग उजवी. ऑगस्टच्या मध्यावर, पितर घरी येतात त्या दिवसांत, शेंड्याच्या सुयाही झडल्या. मुळंच उरली नव्हती, त्याला माती तरी काय करणार? दोन वर्षं आधी बदलली असती तर वाचलं असतं. हे तोकुजिरोला माहीत होतं आणि शिनोलाही.

लोकांच्या झाडांना तो अजून माती देत असे, पण त्याचं रागावणं गेलं. कुणी सात-आठ वर्षं माती न बदललेलं झाड घेऊन आला की तो खालच्या आवाजात विचारी, "घरात काही झालं होतं का?" पुष्कळदा झालेलं असे. लोक सांगत. तो ऐकून घेई आणि मग पाणी ओतून श्वास मोजू लागे.

शिनो साठ साली गेली. छातीत कफ धरला, तीन आठवडे पडून होती. शेवटच्या दिवसांत एकदा तिने विचारलं, "अहो, खरंच कुठे गेला असेल हो?" तोकुजिरो तिच्या उशाशी बसला होता. ह्या वेळी त्याने काही बनवून सांगितलं नाही. "मला माहीत नाही, शिनो," तो म्हणाला. तिने मान हलवली. तिला ते बरं वाटलं की वाईट, हे त्याला कधीच कळलं नाही.

अस्थी ठेवायला थडग्याचा दगड सरकवला तेव्हा तो स्वतः वाकून आत बघायला गेला. नोबुओची पेटी कुजून तिच्या फळ्या सुट्या झाल्या होत्या आणि वाळू तळाशी पसरली होती. देवळातल्या भटजींनी विचारलं, ही काढून नवी पेटी करायची का? तो नको म्हणाला. हात आत घालून त्याने ती तळव्याने सारखी केली, कलश डगमगू नये इतपत, आणि वर शिनोला ठेवलं.

पुढची पाच वर्षं तो एकटाच खणायचा आणि एकटाच चाळायचा. चाळणं पूर्वीइतकं स्वच्छ होत नसे. भुकटी राहायची. मालकांचा मुलगा आता बाग बघत होता. तो संध्याकाळी गुपचूप पुन्हा चाळून घ्यायचा. पासष्टच्या फेब्रुवारीत, कुंड्या बदलायचा हंगाम तोंडावर असताना, तोकुजिरो सर्दीचं निमित्त होऊन झोपेतच गेला. एकाहत्तर वर्षांचा होता.

त्या वसंतात इनागाकींच्या बागेने पहिल्यांदाच तांबडी माती विकत आणली. कागदी पोत्यांतून आली, तीन आकारांत चाळून. म्हाताऱ्या गेन्पाचीने एक पोतं फोडलं, मूठभर माती घेतली, चोळली, जिभेपाशी नेली आणि इकडेतिकडे बघून खाली केली.

"कशी आहे, काका?" मालकांच्या मुलाने विचारलं.

"बरी आहे," तो म्हणाला. "वाईट नाही." मग त्याने चाळणी घेतली आणि कामाला बसला.